काळोखाचा हिशेब

हिशेबाच्या कामात ज्यांची दहा-बारा वर्षे गेली आहेत त्यांस एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. मोठ्या रकमेतून तितक्याच मोठ्या रकमा वजा करून जी लहानशी शिल्लक उरते, तिच्याइतकी बेभरवशाची वस्तू दुसरी नाही. वजा केलेल्या रकमेत शेकडा एकाची चूक असली तर त्या रकमेच्या मानाने ती क्षुल्लक असते. परंतु शिल्लक तेवढ्यानेच दुप्पट होते किंवा साफ नाहीशी होते. केंद्र सरकारच्या ज्या कचेरीत आम्ही कारकुनी करतो तेथे अशी न जुळणारी रक्कम उचंत खात्यात टाकतात, आणि ती तेथून निघेपर्यंत पुष्कळांच्या बदल्या होऊन जातात.

खगोलशास्त्राच्या इतिहासात अशीच एक वजाबाकी आहे. ती सुमारे सव्वाशे वर्षे चाललेली आहे. रात्रीच्या आकाशाच्या एकंदर उजेडातून पृथ्वीच्या वातावरणाचा, सूर्यमालेचा आणि आपल्या आकाशगंगेचा उजेड वजा केला असता मागे काय उरते, असा हा प्रश्न आहे. जे उरेल तो आकाशगंगेच्या पलीकडून येणारा प्रकाश होय. आपल्या आकाशगंगेसारख्या ज्या अगणित दीर्घिका विश्वात आहेत, त्यांनी आरंभापासून आजवर जो उजेड अवकाशात सांडला, त्याची ती साठलेली शिल्लक. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमची पदवी वाणिज्य शाखेची आहे. तथापि या वजाबाकीची हकीकत वाचताना ती आम्हांस परकी वाटली नाही, आणि म्हणूनच ती येथे सांगण्याचे धाडस करीत आहोत.

प्रश्नाचा उगम मात्र उजेडात नसून अंधारात आहे. रात्र काळी का असते, असे कोणी विचारले तर सूर्य मावळला म्हणून, असे व्यवहारी मनुष्य सांगेल. परंतु विश्व अमर्याद आहे, ते ताऱ्यांनी सर्वत्र सारखेच भरलेले आहे आणि ते अनादि आहे, या तीन गोष्टी एकदा मान्य केल्या की हे उत्तर टिकत नाही. घनदाट अरण्यात उभे राहून कोणत्याही दिशेस पाहिले तरी दृष्टी अखेर एखाद्या बुंध्यावर जाऊन अडते. त्याचप्रमाणे अशा विश्वात कोणत्याही दिशेस पाहिले तरी दृष्टी अखेर एखाद्या ताऱ्याच्या बिंबावर जाऊन पोहोचलीच पाहिजे. दूरचे तारे मंद दिसतात हे खरे, परंतु जितके दूर जावे तितकी त्यांची संख्याही वाढत जाते, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींस नेमक्या फेडतात. सूर्यबिंब आकाशगोलाचा सुमारे १ लक्ष ८५ हजारावा भाग व्यापते. डोक्यावरचे अर्धे आकाश अशा बिंबांनी गच्च भरले तर मध्यरात्री आपल्यावर नव्वद हजार सूर्य तळपत असावयास पाहिजेत.

केप्लरने १६१० साली या विचाराचा उपयोग विश्व अमर्याद नाही हे दाखविण्यासाठी केला. लोझान येथील शेझो नामक तरुण ज्योतिर्विदाने १७४४ मध्ये एका धूमकेतूवरील आपल्या ग्रंथाच्या पुरवणीत याचे गणित मांडले. पुढे १८२३ मध्ये ब्रेमेन शहरातील हाइन्रिख ओल्बर्स याने तोच प्रश्न पुन्हा उपस्थित केला. हा गृहस्थ व्यवसायाने वैद्य. दिवसा रोगी तपासावे आणि रात्री आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावर दुर्बीण लावून बसावे असा त्याचा क्रम होता. पॅलस व व्हेस्टा या दोन लघुग्रहांचा शोध त्याच घरातून लागला. हर्मन बाँडी याने १९५२ च्या आपल्या ग्रंथात या कोड्यास ओल्बर्सचे नाव दिले, आणि तेच रूढ झाले. ज्याच्या टेबलावर कागद शेवटी सापडतो त्याच्या नावाने प्रकरण ओळखले जावे, तसाच हा प्रकार दिसतो.

शेझो आणि ओल्बर्स या दोघांचेही उत्तर एकच होते: ताऱ्यांमधल्या पोकळीत काही विरळ द्रव्य असावे आणि ते दूरचा प्रकाश गिळत असावे. हे उत्तर सोयीचे होते, पण चुकीचे होते. गिळलेला प्रकाश नाहीसा होत नाही. ते द्रव्य त्यानेच तापत जाईल आणि अखेर स्वतःच प्रकाशू लागेल, हे जॉन हर्शेलने १८४८ मध्ये दाखवून दिले. खऱ्या उत्तराची पहिली चाहूल त्याच वर्षी लागली, आणि तीही शास्त्रज्ञास नव्हे. एडगर अॅलन पो हा अमेरिकन कवी व कथालेखक. त्याने आपल्या 'युरेका' या गद्यग्रंथात असे सुचविले की, विश्वाच्या अतिदूरच्या भागांतून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत अद्याप पोहोचलाच नसेल. तीन गृहीतांपैकी तिसरे, म्हणजे अनादित्वाचे, येथे ढासळते. लॉर्ड केल्व्हिनने १९०१ मध्ये हाच विचार गणिताने पक्का केला. आज विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात. एवढ्या अवधीत आकाश भरून काढण्याइतका उजेड ताऱ्यांस निर्माण करता आलेला नाही.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. विश्वास आरंभ आहे म्हणून रात्र काळी आहे, हे ठरले. परंतु तारे कोट्यवधी वर्षे जळत आले आहेत, म्हणून ती पूर्ण काळी असणे शक्य नाही. ती किती काळी आहे, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्याचे उत्तर आकड्यात मिळाले तर विश्वातील सर्व ताऱ्यांनी मिळून आजवर किती इंधन जाळले हे कळेल. इतकेच नव्हे, तर दुर्बिणीस दिसणाऱ्या सर्व दीर्घिकांचा उजेड एकेक करून वहीत मांडला आणि आकाशाचा उजेड रोकड मोजावी तसा प्रत्यक्ष मोजला, तर दोहोंचा मेळ बसतो की नाही हेही कळेल. रोकड वहीपेक्षा अधिक भरली, तर विश्वात असे काही प्रकाशत आहे की जे अद्याप आपल्या कोणत्याही वहीत चढलेले नाही. ही शक्यता लहान नव्हे, आणि एवढ्या क्षीण प्रकाशामागे माणसे आयुष्य घालवीत आली ती याचसाठी.

पहिली वजाबाकी सायमन न्यूकम याच्या नावावर आहे. वॉशिंग्टन येथील नाविक पंचांगाच्या सरकारी कचेरीचा तो प्रमुख होता आणि १८९७ मध्ये सेवानिवृत्त झाला होता. सर्व ताऱ्यांचा मिळून उजेड किती, हे ठरविण्याचा एक ओबडधोबड प्रयत्न, असे त्याने १९०१ मधील आपल्या निबंधाचे नावच ठेवले. निवृत्त मनुष्याचा हा विनय आम्हांस फार आवडतो. चालू नोकरीत तो परवडत नाही.

अशा कामास ताऱ्यांची खानेसुमारी लागते, आणि ती एका माणसाचे काम नव्हे. त्या काळी अनेक देशांच्या वेधशाळांनी आकाश वाटून घेऊन ताऱ्यांची छायाचित्रित सूची तयार करावयास घेतली होती. या कामात आमच्या हैदराबादच्या निजामिया वेधशाळेचाही वाटा आहे. नवाब जफर जंग यांनी १९०१ साली स्थापलेली ही वेधशाळा पुढे सरकारने घेतली, आणि तिच्याकडे आकाशाचा दक्षिणेकडील १७ ते २३ अंशांचा पट्टा आला. तो पुरा झाल्यावर उत्तरेकडील ३६ ते ३९ अंशांचाही आला. काचेच्या तबकड्यांवरील लक्षावधी ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली मोजून त्यांचे आकडे खंडामागून खंडांत छापले गेले. ते कंटाळवाणे काम ज्यांनी वर्षानुवर्षे केले ते आमचेच जातभाई होत, असे बेगमपेठेवरून जाताना आमच्या मनात नेहमी येते. आज त्याच शहरातील आमच्या गच्चीवरून रात्री मोजकेच तारे दिसतात आणि आकाशगंगा तर मुळीच दिसत नाही.

न्यूकमनंतरची पायरी हॉलंडातील ग्रोनिंगेन येथे चढली गेली. तेथील काप्टाइन या ज्योतिर्विदाजवळ स्वतःची दुर्बीण नव्हती; दुसऱ्यांनी घेतलेल्या छायाचित्रांवरून गणित करण्याची त्याची प्रयोगशाळा होती. त्याच्या इन्टेमा नावाच्या शिष्याने १९०९ च्या आपल्या प्रबंधात आकाशाचा उजेड मोजला आणि ताऱ्यांचा उजेड त्यातून वजा केला. शिल्लक शून्याच्या जवळपास यावयास हवी होती, ती भली मोठी निघाली. शिवाय क्षितिजाकडे जावे तसतसा हा जास्तीचा उजेड वाढत होता. जी वस्तू क्षितिजाकडे दाट होत जाते ती दूर ताऱ्यांत नसून आपल्याच भोवती, पृथ्वीवर पांघरलेली असली पाहिजे. इन्टेमाने त्यास पृथ्वीचा प्रकाश म्हटले. त्याच परंपरेतील व्हान राइन याने १९२१ मध्ये या वाढीचे सूत्र बसविले, आणि ते आजही त्याच्या नावाने चालते.

या प्रकाशाची खूण वस्तुतः त्यापूर्वीच सापडली होती. स्वीडनच्या आँगस्ट्रॉम याने १८६८ मध्ये वर्णपटदर्शकातून पाहताना ध्रुवीय प्रकाशातील हिरवी रेषा आकाशाच्या सर्व भागांत चमकताना पाहिली होती. ती रेषा प्राणवायूच्या अणूंची आहे हे टोरांटो येथे मॅक्लेनन आणि श्रम यांनी १९२५ मध्ये सिद्ध केले. दिवसा सूर्यकिरणांनी फुटलेले अणुरेणू रात्री पुन्हा एकत्र येतात, आणि त्यावेळी सुटणाऱ्या ऊर्जेने सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर हवेचा एक थर रात्रभर मंद तेवत राहतो. यास वायुदीप्ती म्हणतात. अमावास्येच्या रात्री, वस्तीपासून दूर, स्वतःच्या हाताचा पंजा अंधुक का होईना जो दिसतो, त्याचे श्रेय आपण ताऱ्यांस देतो. त्यात मोठा वाटा या हवेचा असतो. आपल्या देशातही या दीप्तीचे मापन झाले आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने अबूच्या पहाडावर यंत्रे लावून अनेक वर्षे तिची नोंद ठेवली. अर्थात त्यांस हवेचे गुणधर्म जाणावयाचे होते. एकाची जमा दुसऱ्याच्या खात्यात वजावट म्हणून पडते, ती अशी.

वायुदीप्ती वजा करावी तर ती स्थिर राहत नाही, तासातासाला बदलते. आणि ती गेली तरी तिच्यामागे दुसरा दिवा उभा आहेच. सूर्याभोवती ग्रह ज्या पातळीत फिरतात त्या पातळीत सूक्ष्म धूळ पसरलेली आहे. तिच्यावर पडलेले ऊन परावृत्त होऊन येते तो राशिचक्रीय प्रकाश. सूर्यास्तानंतर पश्चिमेस किंवा पहाटेपूर्वी पूर्वेस तो निमुळत्या उभ्या पट्ट्यासारखा दिसतो. कासिनीने १६८३ मध्ये त्याचा अभ्यास केला. पौर्वात्य लोकांस तो त्याहून कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. आमच्याकडील उर्दू भाषक ज्या खोट्या पहाटेस सुबह-ए-काजिब म्हणतात ती हीच. उपवासाचा किंवा नमाजाचा आरंभ या पहाटेवरून धरू नये असा दंडक आहे. खगोलशास्त्रज्ञांस हा दंडक पाळणे पुढे फार जड गेले, हे लवकरच दिसेल.

वायुदीप्ती व राशिचक्रीय प्रकाश या दोहोंच्या मानाने आकाशगंगेपलीकडचा प्रकाश शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी आहे. म्हणजे या दोन रकमा शेकडा एकाहूनही अधिक अचूक ठाऊक असल्याखेरीज शिल्लक काढण्यात अर्थ नाही. रोच आणि स्मिथ या अमेरिकनांनी १९६० नंतरच्या दशकात हा प्रयत्न केला, आणि हा प्रकाश अमुकाहून अधिक नाही एवढेच सांगून ते थांबले. त्यांचे हे थांबणे आम्हांस पुढील कित्येक दाव्यांपेक्षा मोलाचे वाटते.

यानंतर फिनलंडच्या कालेवी माटिला याने जी युक्ती योजली ती सांगितल्यावाचून पुढे जाणे शक्य नाही. वजा करावयाच्या रकमा नीट मोजता येत नाहीत ना, मग त्या मोजूच नयेत. आकाशात काही ठिकाणी धुळीचे दाट काळे मेघ आहेत. ते आपल्याच आकाशगंगेत, आपल्यापासून फारसे दूर नाहीत, आणि त्यांच्यामागचे काही दिसत नाही. असा एक मेघ घ्यावा आणि त्याचा उजेड व त्याच्या शेजारच्या मोकळ्या आकाशाचा उजेड ताडून पाहावा. वायुदीप्ती दोन्हीकडे सारखी, राशिचक्रीय प्रकाश दोन्हीकडे सारखा. फरक उरला तर तो मेघामागून येऊ न शकलेल्या प्रकाशाचा. खिडकीवर पडदा टाकून बाहेरचा उजेड किती हे ठरविण्यासारखे हे आहे. परंतु पडदाही अगदी काळा नसतो. आकाशगंगेतील ताऱ्यांचा प्रकाश त्या धुळीवर पडून मेघ स्वतः किंचित उजळतो, आणि ही एक नवी रक्कम हिशेबात येऊन बसते.

माटिलाने १९७६ मध्ये या पद्धतीने काढलेला आकडा प्रसिद्ध केला. तो बराच मोठा होता, आणि पुढे टिकला नाही. दुसरा एखादा असता तर त्याने विषय सोडला असता. माटिलाने मेघ बदलले, यंत्रे बदलली, मेघाच्या उजेडाचा वर्णपट घेऊन त्यातील ताऱ्यांचा वाटा ओळखण्याची रीत बसविली. २०१७ मध्ये, म्हणजे पहिल्या निबंधानंतर एकेचाळीस वर्षांनी, त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी चिलीतील पारानाल येथील महादुर्बिणीने घेतलेल्या निरीक्षणांवरून निळ्या प्रकाशासाठी नवा आकडा दिला. हे आकडे नॅनोवॅटमध्ये, म्हणजे एका वॅटच्या अब्जाव्या भागात, देतात. आकाशाच्या एका ठरावीक विस्तारातून एक चौरस मीटर जागेवर एवढी शक्ती येते, असा त्याचा अर्थ. पुढे आम्ही त्यास नुसते एकक म्हणू. माटिलाचा आकडा ११.६ एकक होता, आणि त्यात ४.४ एककांची चूक संभवते असे त्याच्यासोबतच लिहिलेले होते. एकेचाळीस वर्षांच्या कष्टांनंतर ज्याला स्वतःच्या आकड्याशेजारी एवढी मोठी शंका लिहिता येते, त्या माणसाच्या इतर आकड्यांवर आमचा विश्वास बसतो.

मधल्या काळात वही मात्र भराभर भरत गेली. हबल दुर्बिणीने डिसेंबर १९९५ मध्ये आकाशाच्या एका रिकाम्या दिसणाऱ्या तुकड्याकडे दहा दिवस टक लावली, आणि त्यात सुमारे तीन हजार दीर्घिका सापडल्या. अशा गणनांवरून सर्व दीर्घिकांच्या दृश्य प्रकाशाची बेरीज आठ एककांच्या आसपास येते.

आता रोकड मोजणे राहिले. रिबेका बर्नस्टाइन, वेंडी फ्रीडमन आणि बॅरी मॅडोर यांनी हबलकडून एका तुकड्याचा एकंदर उजेड मोजला. हबल वायुदीप्तीच्या वर फिरते, तेव्हा ती अडचण टळली. राशिचक्रीय प्रकाश किती हे ठरविण्यासाठी त्यांनी चिलीतील लास कांपानास येथील दुर्बीण योजली. ती धूळ म्हणजे आरसाच असल्यामुळे सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा तिच्या प्रकाशातही उमटतात, आणि त्या रेषांच्या खोलीवरून तिचा वाटा काढता येतो. २००२ मध्ये त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. पिवळ्या-हिरव्या प्रकाशात शिल्लक सुमारे १५ एकक, म्हणजे वहीच्या जवळजवळ दुप्पट! परंतु लास कांपानास येथील दुर्बीण जमिनीवर होती, आणि हवा केवळ प्रकाशतच नाही, तर दुसरीकडून आलेला प्रकाश विखुरतेही. या विखुरण्याचा हिशेब बरोबर झालेला नाही, हे २००३ मध्ये दाखवून दिले ते माटिलानेच. बर्नस्टाइन यांनी २००७ मध्ये आपल्या आकड्यांची फेरतपासणी स्वतःच प्रसिद्ध केली, आणि संभाव्य चुकीचे प्रमाण इतके वाढविले की ती दुप्पट शिल्लक खात्रीची राहिली नाही. खोट्या पहाटेने पहिल्यांदा फसविले ते असे.

दुसऱ्यांदा फसविले ते जपान्यांस, असे आता मानावे लागते. १९९५ मध्ये सोडलेल्या त्यांच्या अवरक्त दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून मात्सुमोतो व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तांबड्यापलीकडच्या प्रकाशात फार मोठी शिल्लक दाखविली. विश्वातील अगदी पहिल्या ताऱ्यांचा हा उजेड असावा, अशी कल्पना पुढे आली आणि तिने पुष्कळांची मने वेधली. हा दावा तपासण्यास आकाशाकडे न पाहताच हा प्रकाश मोजणारी एक रीत तयार होती. अतिशय तीव्र गॅमा किरण आणि साधा प्रकाशकण यांची टक्कर झाली तर दोन्ही नष्ट होऊन त्यांतून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन अशी जोडी उपजते. अब्जावधी वर्षांच्या वाटेवर पार्श्वप्रकाश जितका अधिक, तितके अधिक गॅमा किरण वाटेतच खर्ची पडतात. निकिशोव्ह याने १९६२ मध्ये हे मांडले होते. नामिबियातील गॅमा दुर्बिणींनी दोन दूरच्या तेजस्वी दीर्घिकांचे किरण पाहिल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. जपानी शिल्लक खरी असती तर त्यांतील सर्वांत तीव्र किरण येथवर पोहोचलेच नसते; ते पोहोचले होते. पुढे फर्मी उपग्रहाने अशा ७३९ उगमांचा अभ्यास करून २०१८ मध्ये दिलेला हिशेबही वहीशी मोठे भांडण करणारा नव्हता.

या रीतीचे काम आपल्याकडेही चालले आहे. ज्या अबूच्या पहाडावर एकेकाळी वायुदीप्तीची नोंद झाली तेथेच गुरुशिखराजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राने गॅमा दुर्बीण उभारली, आणि त्याच केंद्राची २१ मीटर व्यासाची दुसरी दुर्बीण लडाखमधील हान्ले येथे ऑक्टोबर २०२४ मध्ये विधिपूर्वक सुरू झाली. तिच्या उभारणीत आमच्या हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाचा हात आहे, हे नमूद केल्यास वाचकांनी स्थानिक अभिमानाबद्दल क्षमा करावी.

तथापि गॅमा किरणांचा पुरावा अप्रत्यक्ष. रोकड प्रत्यक्ष मोजावयाची तर सूर्यमालेच्या धुळीतून बाहेर पडावयास हवे. १९७२ मध्ये निघालेले पायोनियर १० सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या तिपटीहून थोडे पुढे गेले तेव्हाच राशिचक्रीय प्रकाश जवळजवळ मावळल्याचे त्याच्या यंत्रांनी कळविले होते. खरी संधी आली ती न्यू होरायझन्स या यानाने. १९ जानेवारी २००६ रोजी ते निघाले, १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोजवळून गेले, आणि नेमून दिलेले काम झाल्यावर पुढे जातच राहिले. त्यावरील कॅमेऱ्याचा आरसा २०.८ सेंटिमीटरांचा, म्हणजे वीतभरही नाही. तो प्लूटोची छायाचित्रे घेण्यासाठी बनविलेला होता. मायकेल झेमकोव्ह व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याच्या जुन्या छायाचित्रांतून या प्रकाशाची मर्यादा काढली. मग टॉड लाउअर, मार्क पोस्टमन आणि त्यांच्या मंडळीने ते काम हाती घेतले. कॅमेरा सुरू केल्यावर आरंभीचा थोडा वेळ त्याच्या स्वतःच्याच यंत्रणेतून खोटा उजेड नोंदला जातो, असे बारीकसारीक दोषही त्यांस हुडकून काढावे लागले.

२०२२ मध्ये त्यांचा आकडा प्रसिद्ध झाला: १६.३७ एकक, संभाव्य चूक दीड एककाच्या आत. म्हणजे पुन्हा दुप्पट! या वेळी वायुदीप्ती नाही, सूर्यमालेची धूळ नाही, आणि संभाव्य चूक इतकी लहान की शिल्लक झटकून टाकता येईना. वहीत न चढलेल्या दीर्घिका असाव्यात असे काही म्हणाले. विश्वातील अदृश्य द्रव्याचे कण फुटून हा प्रकाश निघत असावा असेही निबंध लिहिले गेले. आमच्या भाषेत, आठ एककांची रक्कम उचंत खात्यात पडली, आणि तिच्यावर हक्क सांगणारे पुष्कळ निघाले.

मंडळीने स्वतः मात्र हक्क सांगण्याची घाई केली नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात यान सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या ५७ पट दूर होते; तेथून निघालेला संदेश पृथ्वीवर येण्यास जवळजवळ आठ तास लागत. आकाशाचे सोळा तुकडे निवडून, यानाच्या स्वतःच्या सावलीत कॅमेरा राहील अशा बेताने पुन्हा छायाचित्रे घेतली. याशिवाय आणखी आठ तुकडे घेतले ते केवळ एका संशयित रकमेची परीक्षा करण्यासाठी. ती रक्कम म्हणजे आपल्या आकाशगंगेतील विरळ धुळीवर पडून विखुरलेला ताऱ्यांचा उजेड. जेथे काहीच दिसत नाही अशा ठिकाणीही ही धूळ थोडीबहुत असते. तिचे प्रमाण पूर्वी एका जुन्या उपग्रहाच्या अवरक्त नकाशावरून अंदाजत. आता प्लँक उपग्रहाच्या अधिक लांब लहरींवरील नकाशांचा आधार घेऊन, आणि त्या आठ तुकड्यांवर प्रत्यक्ष पडताळून, तो अंदाज नव्याने बसविला. धुळीचा उजेड पूर्वीच्या अंदाजाहून अधिक निघाला.

ऑगस्ट २०२४ मध्ये नवा आकडा आला: ११.१६ एकक, संभाव्य चूक १.६५. माटिलाचा ११.६ वाचकांच्या ध्यानात असेल. लहर वेगळी, स्थळ वेगळे, एक वजाबाकी चिलीच्या डोंगरावर बसून केलेली आणि दुसरी प्लूटोच्याही पलीकडे. तरी दोन आकडे इतके जवळ यावेत याचे आम्हांस कौतुक वाटते, जरी माटिलाच्या चुकीचे प्रमाण पाहता त्यास फार महत्त्व देऊ नये हेही कळते. वहीतील दीर्घिकांची बेरीज त्याच मंडळीच्या हिशेबाने ८.१७ एकक, चूक १.१८. वजा जाता २.९९, आणि तिची संभाव्य चूक २.०३. अदृश्य द्रव्याच्या नावावर जमा करावी एवढी ही शिल्लक नाही, आणि शून्य म्हणून सही करावी एवढी लहानही नाही.

उचंत खात्यातील पाच-सहा एकक आपल्याच घरच्या धुळीचे निघाले. उरलेल्यांसाठी आता दुसरीकडून मोजणी सुरू झाली आहे. मार्च २०२५ मध्ये स्फिअरएक्स नावाचा अमेरिकन उपग्रह पृथ्वीभोवती सोडण्यात आला. तो सबंध आकाश अवरक्त प्रकाशाच्या १०२ छटांत पाहतो, आणि या पार्श्वप्रकाशाचे तपशील शोधणे हे त्याच्या मुख्य कामांपैकी एक आहे. त्याची कक्षा पृथ्वीजवळची आहे, म्हणजे सूर्यमालेच्या धुळीत तो अगदी आत बसलेला आहे. राशिचक्रीय प्रकाश त्यास पुन्हा वजा करावाच लागणार.